एक आग, चार घड्याळं

अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांमध्ये शनिवारची दुपार मिनिटांवर चालते. बारा वाजता चिकन, साडेबाराला डुकराच्या बरगड्या, एक वाजता डुकराचा खांदा आणि दीड वाजता ब्रिस्किट, म्हणजे गाईबैलाच्या छातीचं मांस. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या नियमांनी होणाऱ्या स्पर्धांमध्ये सहसा हाच क्रम असतो. डबा परीक्षकांकडे पोचवायला दहा मिनिटं मिळतात, ठरलेल्या वेळेच्या आधीची पाच आणि नंतरची पाच. उशीर झाला तर त्या पदार्थावर पाणी सोडायचं. गॅसवर शिजवायला बंदी. लाकूड, कोळसा किंवा भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या एवढंच इंधन चालतं. डब्यात सजावटीला लेट्यूस आणि पार्स्ली चालते, आणि कोथिंबीरही.

टेबलावर हे चार पदार्थ अर्ध्या-अर्ध्या तासाने जातात, पण आगीवर चढतात ते कित्येक तासांच्या अंतराने. बहुतेक स्पर्धक ब्रिस्किट मध्यरात्रीच्या सुमारास लावतात. खांदा त्याच्या मागोमाग, बरगड्या उजाडल्यावर आणि चिकन सकाळी दहाच्या आसपास. सगळे एकाच धुरात, बऱ्याचदा एकाच पिंपात. रात्रभर जागणाऱ्या माणसाचं खरं कसब मसाल्यात कमी आणि या वेळापत्रकात जास्त असतं. चार प्रकारचं मांस एकत्र धुरावर शिजवायचं म्हणजे चौघांनाही एकाच घड्याळाला बांधायचं नाही, हे ज्याला उमगलं त्याची निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

आपल्याकडे हॉटेलात टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, तिच्यावर सळया फिरवतात आणि त्याला बार्बेक्यू म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडची रीत वेगळी. तिथल्या नेहमीच्या स्मोकरमध्ये मांस आगीच्या वर नसतंच. आग एका टोकाच्या लोखंडी पेटीत असते, मांस तिला जोडलेल्या आडव्या पिंपात जाळीवर मांडलेलं असतं आणि पलीकडच्या टोकाला धुराडं असतं. पेटीतून निघालेली गरम हवा आणि धूर मांसावरून वाहत धुराड्यातून बाहेर पडतात. पिंपातलं तापमान १०५ ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवतात. घरच्या ओव्हनमध्ये केक भाजतो त्याहूनही हे बरंच कमी आहे. रायगडच्या पोपटीत वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे आणि चिकन एकाच मडक्यात, भांबुर्ड्याच्या पाल्यात एकदमच जातात आणि एकदमच बाहेर येतात. स्मोकरमध्ये तसं केलं तर चिकनचा चोथा होईल आणि ब्रिस्किट चामड्यासारखं कच्चं राहील.

यामागचं कारण जनावराच्या शरीरातच आहे. गाईबैलांना कॉलरबोन नसतं. पुढच्या धडाचा भार छातीचे स्नायू उचलून धरतात. जनावर उभं असो की चालत असो, हे स्नायू सतत कामात असतात, त्यामुळे त्यांच्यात कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचं जाळं दाट असतं. अख्खं ब्रिस्किट पाच ते सात किलोचं भरतं आणि त्यात खरं तर दोन स्नायू असतात. एक चपटा आणि कमी चरबीचा, दुसरा जाड आणि चरबीने भरलेला. दोन्हींचे धागे वेगवेगळ्या दिशांनी जातात, म्हणून कापतानाही सुरी मध्येच फिरवावी लागते. कोलॅजन वितळून जिलेटिन होण्यासाठी उष्णता लागते आणि वेळही लागतो. मांसाच्या आतलं तापमान ७० अंशांच्या पुढे गेलं की हे काम नीट सुरू होतं आणि ९५ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत चालू राहतं. यात दहा-बारा तास सहज जातात, कधी चौदाही.

कोंबडीच्या छातीत असं काही नसतं. कोंबडी उडत नाही, त्यामुळे छातीच्या स्नायूंना फारसं काम नाही, कोलॅजनही जेमतेम. ते मांस ७४ अंशांना खायला सुरक्षित होतं आणि तिथून जितकं वर जाईल तितकं कोरडं पडत जातं. तंगडीचं गणित निराळं. तिथे थोडं कोलॅजन असतं, म्हणून ती ८० अंशांपर्यंत नेली तर अधिक मऊ लागते. एकाच कोंबडीत दोन घड्याळं चालतात, मग डुक्कर, गाईबैल आणि कोंबडी एका जाळीवर आले की काय होत असेल याची कल्पना येते. मटणाच्या दुकानात उभं राहून फरा कशाला घ्यायचा, चाप कशाला आणि सीना कशाला, हे ठरवणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की कुकरमध्ये पाणी आणि दाब आपल्या चुका पोटात घेतात. कोरड्या धुरात चुका लपत नाहीत.

नवशिक्या माणसाचा पहिला गैरसमज वजनाचा असतो. चार किलोच्या एका खांद्याला दहा तास लागतात, तर दोन खांद्यांना वीस लागतील असं त्याला वाटतं. तसं होत नाही. उष्णता बाहेरून आत शिरते, तिला मधोमध पोचायला किती वेळ लागेल ते त्या तुकड्याच्या जाडीवर ठरतं. शेजारी दुसरा तुकडा आहे की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. दोन खांदे एकमेकांना न चिकटता ठेवले आणि आग पुरेशी असली, तर जवळपास एकट्या खांद्याइतक्याच वेळात होतात. अडचण होते ती सुरुवातीला. फ्रिजमधून काढलेलं दहा-पंधरा किलो थंड मांस एकदम आत गेलं की पिंपाचं तापमान खाली येतं आणि आगीला ते परत वर ओढून आणावं लागतं. म्हणून जाणते लोक आधी स्मोकर चांगला तापवतात, लाकूड नीट धगधगू देतात आणि मगच झाकण उघडतात. तुकड्यांमध्ये दोन-तीन बोटांची मोकळी जागा सोडतात. मांस मांसाला टेकलं की तिथे धूर पोचत नाही, गरम हवाही फिरत नाही आणि ती जागा फिकट, ओलसर राहते.

वेळापत्रक मांडायचं ते उलटीकडून. जेवण कधी, हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. सगळ्यात हळू होणारा तुकडा सगळ्यात आधी. साधारण १२० अंशांवर अख्ख्या ब्रिस्किटला बारा तासांच्या पुढे लागतात, डुकराच्या खांद्याला आठ ते बारा, बरगड्यांना पाच-सहा आणि तंगड्यांना दीड-दोन. हे आकडे म्हणजे अंदाज आहेत, वचन नव्हे. एकाच खाटकाकडून आणलेली, एकाच वजनाची दोन ब्रिस्किटं दोन तासांच्या फरकाने होतात, असं अनुभवी लोक नेहमी पाहतात.

या अनिश्चिततेचं मोठं कारण म्हणजे मध्येच येणारा थांबा. ब्रिस्किट किंवा खांद्याचं आतलं तापमान सुरुवातीला झपाट्याने चढतं. मग ६५ ते ७५ अंशांच्या टप्प्यात कुठेतरी ते अडतं आणि तासन्‌तास हलत नाही. पहिल्यांदा करणारा माणूस इथे घाबरतो, आग वाढवतो, थर्मामीटर बिघडला म्हणून तो बदलतो. पूर्वी लोक म्हणायचे की कोलॅजन किंवा चरबी वितळायला लागणारी उष्णता इथे खर्ची पडते. भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लॉन्डर यांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी ओला स्पंज आणि चरबीचा गोळा एकाच उष्णतेत ठेवला. चरबीचं तापमान सरळ चढत गेलं, स्पंजचं मात्र मांसासारखंच अडलं. म्हणजे कारण होतं बाष्पीभवन. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडताना जितकी उष्णता नेतं, तितकीच आग देत असते, म्हणून काटा जागच्या जागी राहतो. घाम सुकताना अंग गार होतं त्यामागेही हेच भौतिकशास्त्र आहे. पृष्ठभाग सुकला की तापमान पुन्हा चढू लागतं.

थांब्यावर उपाय म्हणून मांस गुंडाळतात. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलं तर बाष्पीभवन जवळपास बंद होतं आणि तास-दोन तास वाचतात, पण बाहेरचं काळपट, कुरकुरीत आवरण मऊ पडतं. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराच्या एरन फ्रँकलिन यांनी खाटीक वापरतात तो गुलाबी-तपकिरी कागद लोकप्रिय केला. २००९ मध्ये एका छोट्या ट्रेलरवर त्यांचं दुकान सुरू झालं आणि २०१५ मध्ये त्यांना प्रतिष्ठेचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. कागद थोडी वाफ जाऊ देतो, त्यामुळे आवरण बरंचसं टिकतं आणि वेळही वाचतो. अनेक प्रकारचं मांस एकत्र करणाऱ्याला गुंडाळणं हा सगळ्यात कामाचा मार्ग आहे. ब्रिस्किट मागे पडलंय असं दिसलं की ते गुंडाळायचं, म्हणजे ते बाकीच्यांना गाठतं. शिवाय गुंडाळलेल्या मांसाला नवा धूर जवळपास लागत नाही, त्यामुळे जाळीवरची चांगली जागा नंतर येणाऱ्यांसाठी मोकळी करता येते.

जागेचं शास्त्र वेगळंच आहे. आडव्या पिंपात आगीच्या पेटीकडचं टोक जास्त तापतं आणि धुराड्याकडचं कमी. वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. नवीन स्मोकर घेतलेले काही लोक सगळ्या जाळीवर पावाचे स्लाइस मांडून पाहतात. जिथे पाव आधी करपतो ती गरम जागा. तिथे जाड, चरबीदार तुकडे जातात आणि ब्रिस्किटची जाड बाजू आगीकडे वळवतात. चपट्या, कोरड्या पडणाऱ्या तुकड्यांना लांबची जागा. उभ्या स्मोकरमध्ये दोन जाळ्या एकावर एक असतात आणि तिथे वरून खाली ठिबकणाऱ्या रसाचा प्रश्न येतो.

इथे एक नियम कधीही मोडू नये. कच्चं चिकन नेहमी सगळ्यात खालच्या जाळीवर. कच्च्या कोंबडीच्या रसात साल्मोनेला असू शकतो आणि तो रस तयार होत आलेल्या ब्रिस्किटवर किंवा बरगड्यांवर पडला तर रात्रभराची मेहनत कुणालातरी आजारी पाडेल. उलट ब्रिस्किटचा रस खालच्या चिकनवर पडला तर धोका नाही, कारण चिकन ७४ अंशांपर्यंत शिजणारच आहे. शिवाय त्या चरबीने कोंबडीला चव येते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शिफारशींनुसार डुकराचे अख्खे तुकडे ६३ अंशांना सुरक्षित होतात, खिमा आणि सॉसेज ७१ ला आणि कोंबडी ७४ ला. ४ ते ६० अंशांचा टप्पा जंतूंच्या वाढीचा, म्हणून कुठलंही मांस तिथे रेंगाळू देऊ नये. चिकनचा चिमटा आणि ताट वेगळं ठेवावं, हे वेगळं सांगायला नको.

आता धुराबद्दल. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉलसारखी संयुगं तयार होतात, धुराचा वास आणि चव मुख्यतः त्यांची. चांगल्या जळणाऱ्या, वाळलेल्या लाकडाचा धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा असतो. ओलं लाकूड किंवा हवा बंद केलेली आग दाट पांढरा धूर सोडते आणि त्यातलं डांबरासारखं कडू काहीतरी मांसावर बसतं. धूर थंड आणि ओलसर पृष्ठभागाला जास्त चिकटतो, म्हणून मांस पहिल्या काही तासांतच बहुतेक धूर घेतं. मध्य टेक्सासमध्ये पोस्ट ओक वापरतात, पश्चिम टेक्सासमध्ये मेस्किट, पूर्वेकडच्या राज्यांत हिकरी. अनेक मांसं एकत्र असली की धुराचं मोजमाप सगळ्यात नाजूक तुकड्यावरून करावं लागतं. ब्रिस्किटला सोसेल इतक्या धुरात चिकन कडू होतं. म्हणून दहा वाजता चिकन आत जाण्याआधी आग स्वच्छ करून घेणं हा चांगल्या पिटमास्टरचा, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्याचा, नेम असतो.

कापल्यावर आवरणाच्या आत दिसणारा गुलाबी पट्टा धुरातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी जोडले गेल्याने तयार होतो. डोळ्यांना तो सुंदर दिसतो, चवीशी मात्र त्याचा संबंध नाही. कॅन्सस सिटी सोसायटीच्या परीक्षकांना तो गुण देताना धरू नका असं सांगितलेलं असतं. परीक्षक पाहतात ते दुसरं. बरगडीला दात लावला की तिथलंच मांस सुटलं पाहिजे, सगळं हाडावरून गळून पडलं तर ते जास्त शिजलेलं. ब्रिस्किटची फीत बोटावर टाकली की ती वाकून लोंबली पाहिजे, तुटता कामा नये, आणि हलक्या ओढीने सुटली पाहिजे. कोंबडीच्या कातडीचं दुखणं निराळं. मंद आचेवर तिच्यातली चरबी पूर्ण वितळत नाही आणि ती रबरासारखी चिवट होते. स्पर्धक तंगडीची कातडी सोलून काढतात, आतली चरबी सुरीने खरवडतात आणि कातडी परत बसवतात. घरी करायचं तर शेवटची पंधरा-वीस मिनिटं चिकन सगळ्यात गरम टोकाला न्यावं, ते पुरतं.

टेक्सासमधली ही परंपरा मुळात मांस वाया जाऊ नये म्हणून सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक स्थलांतरित आले, त्यांच्यात खाटीक होते. न विकलं गेलेलं मांस ते धुरावर शिजवायचे, सॉसेजमध्ये भरायचे आणि खाटकाच्या कागदावर विकायचे. कापूस वेचायला आलेले मजूर ते दुकानातच उभ्याने खायचे. एकाच भट्टीत त्या दिवशी जे उरलं ते सगळं जायचं. लॉकहार्ट या छोट्या गावातलं क्रूझ मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२ चं. टेक्सासच्या विधिमंडळाने या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी असा मान दिलेला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत इतरत्र मात्र खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर रात्रभर मांस शिजवण्याची कला घडवली ती गुलामगिरीत राबणाऱ्या आफ्रिकन लोकांनी. त्यांची नावं फारशी नोंदली गेली नाहीत. हे सांगितल्याशिवाय बार्बेक्यूचा इतिहास पुरा होत नाही. कॅन्सस सिटीत १९०८ च्या सुमारास दुकान सुरू करणारे हेन्री पेरी यांना त्या शहराच्या बार्बेक्यूचे जनक मानतात. तेही कृष्णवर्णीयच होते.

वेगवेगळ्या तुकड्यांना वेगळी आग देण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण ऑस्टिनच्या पूर्वेला लेक्सिंग्टन नावाच्या गावात आहे. स्नोज बार्बेक्यू हे दुकान २००३ मध्ये सुरू झालं. ते फक्त शनिवारी उघडतं आणि सकाळी आठला विक्री सुरू होते. 'टेक्सास मंथली' मासिकाने २००८ मध्ये त्याला राज्यातलं सर्वोत्तम ठरवलं तेव्हा गावाबाहेर ते फार कुणाला ठाऊक नव्हतं. तिथल्या पिटमास्टर टूट्सी टोमानेट्झ यांचा जन्म १९३५ चा. १९६६ पासून त्या या कामात आहेत. ऐंशी ओलांडल्यावरही आठवडाभर त्या शाळांच्या देखभालीची नोकरी करत आणि शनिवारी पहाटे भट्टीवर उभ्या राहत.

तिथे ब्रिस्किट आडव्या पिंपात, लाकडाच्या धुरात रात्रभर शिजतं. डुकराच्या खांद्याचे जाड आडवे काप, चिकन आणि बरगड्या यांच्यासाठी मात्र दुसरी भट्टी. लाकूड एका बाजूला जाळायचं, त्याचे निखारे फावड्याने उचलायचे आणि लांब लोखंडी भट्टीत मांसाच्या खाली पसरायचे. मांसावर फडक्याच्या मॉपने आंबट, लोणीदार पाणी शिंपडत राहायचं. इथे चरबी सरळ निखाऱ्यांवर पडते, तिचा जळका, खमंग धूर वर येतो आणि मांसाला जी चव येते ती बंद पिंपात येत नाही. कुठे किती निखारे टाकायचे ते टूट्सीबाई झाकणाच्या पत्र्यावर हात ठेवून ठरवतात, असं त्यांना काम करताना पाहिलेले सांगतात. दोन भट्ट्या, दोन आगी, पण गिऱ्हाइकाच्या थाळीत सकाळी आठला सगळं एकत्र येतं. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सगळं मांस एकाच यंत्रात घालायचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. ज्याला जसं मानवतं तसं शिजवावं.

आणि सगळं एकत्र आणतो तो विसावा. बार्बेक्यूतला हा टप्पा सगळ्यात दुर्लक्षित आहे. शिजलेलं ब्रिस्किट लगेच कापलं तर पाटावर रसाचं तळं होतं. ते गुंडाळून तास-दोन तास ठेवलं की आतलं जिलेटिन घट्ट होतं आणि रस धरून ठेवतं. गुंडाळलेलं मांस टॉवेलात लपेटून, आइसबॉक्समध्ये बर्फाशिवाय बंद करून ठेवलं तर चार तासही ६० अंशांच्या वर राहतं. म्हणजे ब्रिस्किट सकाळी नऊला झालं काय आणि अकराला झालं काय, जेवायला एक वाजता बसणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. खांदाही तसाच थांबतो. बरगड्या थोडा वेळ थांबतात. चिकन मात्र थांबवून चालत नाही, ते गरमच खावं. म्हणून घरी ते सगळ्यात शेवटी काढावं.

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता अंगणात स्मोकर दिसू लागले आहेत आणि तिथे आणखी एक प्रश्न येतो. घरातले काही जण गाईबैलाचं किंवा डुकराचं मांस खात नाहीत आणि त्याच जाळीवर झालेलं चिकनही त्यांना नको असतं. त्यांच्या मनाचा मान राखायचा तर वेगळी जाळी पुरत नाही, कारण वरून चरबी ठिबकतेच. आधी त्यांचं शिजवून काढावं आणि मग बाकीचं चढवावं. महाराष्ट्रात तर गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती आणि २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही आहे, तेव्हा टेक्सासचं ब्रिस्किट इथे जसंच्या तसं होणार नाही. पण बकऱ्याच्या फऱ्याला कुणी अडवलेलं नाही आणि तो कोलॅजनने भरलेला असतो. मटण धुरावर शिजवणं हेही अमेरिकेत नवं नाही. केंटकी राज्यातल्या ओवेन्सबरोमध्ये लोकरीसाठी पाळलेल्या जून मेंढ्यांचं मांस हिकरीच्या धुरावर शिजवतात आणि त्यावर व्हिनेगरचं आंबट पाणी शिंपडतात. टेक्सासच्या ब्रेडी गावात १९७४ पासून बकऱ्याच्या मांसाची स्पर्धा भरते.

पहिल्यांदा करणाऱ्याने ब्रिस्किटच्या वाटेला जाऊ नये. दोनच गोष्टी घ्याव्यात, दीड-दोन किलोचा हाडासकट फरा आणि आठ तंगड्या. जेवण रात्री आठचं असेल तर फरा दुपारी एकच्या सुमारास १२० अंशांवर चढवावा. चारच्या आसपास रंग मनासारखा आला की गुंडाळावा. साडेपाचला आग स्वच्छ करून तंगड्या खालच्या जाळीवर ठेवाव्यात. फऱ्याचं आतलं तापमान ९० च्या पुढे गेलं आणि सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली की तो काढून विसाव्याला ठेवावा. तंगड्या ८० ला पोचल्या की सरळ ताटात. घड्याळाकडे पाहून मांस काढू नका, सुईच्या थर्मामीटरकडे पाहून काढा. स्मोकरबाहेर वाचता येणारा, दोन सुयांचा थर्मामीटर घ्या, एक सुई फऱ्यात आणि दुसरी जाळीवरच्या हवेत. स्मोकरच्या झाकणावर बसवलेल्या काट्यावर विसंबू नका. तो झाकणाजवळच्या हवेचं तापमान दाखवतो, मांस जिथे आहे तिथलं नाही.